मोहरीएवढी अफू

प्लेग यायच्या बऱ्याच आधीची गोष्ट. परळच्या चाळीतली सुभद्रा गिरणीत रिळं भरायला जायची. तिची मुलगी तुळसा दीड महिन्यांची झाली आणि मुकादमाचा निरोप आला, उद्यापासून ये, नाहीतर दुसरी बाई लावतो. मग चाळीतल्या बाया करायच्या तेच तिनं केलं. मोहरीएवढी अफू दुधात कालवून पोरीला पाजायची, झोळीत टाकायची आणि निघायची.

“गुणाची आहे पोर, रडत नाही,” असं ती कौतुकानं सांगे.

तुळसा आठ महिन्यांची असताना तिची सुईण मीराबाई गावाहून परतली. तिनं पोरीला मांडीवर घेतलं, हात धरून उठवलं. मान मागे लोंबली. कानाशी टाळी वाजवली, तर पापणीही लवली नाही.

“जन्मली तेव्हा माझं बोट सोडत नव्हती गो ही. काय देतेस हिला?”

सुभद्रानं खाली पाहिलं. “सगळ्याच देतात.”

“अगो, पोर हातपाय झाडतं, पालथं पडतं, त्यातनंच त्याला अक्कल येते. हिला तू नुसती निजवून ठेवलीस.”

सुभद्रानं अफू बंद केली. चार दिवस पोर किंचाळत होती, अंग थरथरत होतं. “दे थोडी, मरेल ती!” नवरा, गुणाजी, ओरडला. अफूची गोळी सुभद्राच्या बोटावर आलीही होती. तिनं ती मोरीत धुऊन टाकली. गिरणीतलं काम सुटलं ते त्याच आठवड्यात.

मीराबाई रोज तेल चोळून पोरीला गोधडीवर पालथी घाली. दीड वर्षानं मान धरली. चौथ्या वर्षी भिंतीला धरून तुळसा चालली. शब्द मात्र एकच आला, “आय.” तांदळातला खडा वेचायला सुभद्रा महिनोन् महिने शिकवत राहिली, पोरीच्या चिमटीत खडा काही येईना.

मग शेवंता झाली. चौथ्या महिन्यात ती आपणहून पालथी पडली. सुभद्रा हर्षानं गुणाजीला हाक मारायला उठली, आणि भिंतीशी बसलेली तुळसा तिला दिसली. तोंडातली हाक तोंडातच राहिली. त्या खोलीत ती कितीतरी वेळ रडत बसली.

पुढं ती चाळीतल्या प्रत्येक बाळंतिणीला सांगू लागली, पोराला अफू देऊ नको. एका सकाळी गिरणीचा भोंगा झाल्यावर शेजारची गुणवंती तान्हं पोर घेऊन दारात थबकली.

“खरं आहे गो तुझं. पण पोर ठेवू कुणाकडे?”

सुभद्रानं तिचं मूल ठेवून घेतलं. बाकीच्या बाया आपापली पोरं झोळीत निजवून तिच्या दारावरून झपाझप गिरणीकडे गेल्या.