दोरेबाबांचं माप

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पायऱ्यांवर चपलांचा ढीग, आत दाटीवाटीने बसलेली माणसं आणि मंचावरच्या खुर्चीत माझी तेरा वर्षांची भाची. पहिल्या दिवशी दोरेबाबांनी तिच्या गळ्याभोवती पांढरा दोरा फिरवून मापाला गाठ मारून ठेवली होती. आज तिसऱ्या बैठकीला तोच दोरा गाठीपुढे दोन बोटं जास्त आला, म्हणजे गळा तेवढा बारीक झाला.

"सूज म्हणजे साठलेली नजर," बाबा म्हणाले. "दोरा ती शोषून घेतो. डॉक्टरांच्या यंत्राला नजर दिसते का कधी?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या भावाने डोळे पुसले. पोर मात्र स्वेटरच्या बाह्या तळव्यांपर्यंत ओढून खाली बघत होती.

वहिनी गेल्यापासून त्या घरात बापलेक दोघंच. वर्षभरात पोर सुस्तावली, उंची खुंटली, भर उन्हात तिला थंडी वाजायची आणि गळ्यापुढे फुगवटा दिसू लागला. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं होतं की, रोगांशी लढणारी शरीराची यंत्रणा चुकून तिच्याच थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करते आहे. ग्रंथीतून जो हार्मोन कमी पडतो तो रोज गोळीतून द्यायचा, बहुधा कायमचा. त्या 'कायमचा'ने भाऊ हबकला. दोरेबाबांनी सात बैठकांत बरं करायचा शब्द दिला, गोळ्या बंद करायला लावल्या आणि नजर दुसऱ्या मुलांवर उडेल म्हणून हिला वेगळं बसवा, असं बजावलं. हे शाळेत पोचायला एक दिवस पुरला. बाकावर ती एकटी, डबा खाताना एकटी. शाळा सुटली की माझ्या शिवणाच्या दुकानात यायची आणि कापडाच्या गठ्ठ्याला टेकून झोपायची.

एका दुपारी मला वाटलं झोपली आहे, तर हळूच म्हणाली, "आत्या, सगळे म्हणतात सूज उतरली. मग मला गिळताना जड का वाटतं? घरी माझ्या बाबांना विचारायची भीती वाटते. ते किती खूश आहेत."

मी मशीन थांबवलं. गणवेशासाठी घेतलेलं तिचं गळ्याचं माप माझ्या वहीत होतं. टेप लावून पाहिलं, तर गळा अर्धा इंच वाढला होता. दोरेबाबा माप कसं घेतात, असं विचारल्यावर म्हणाली, पहिल्या दिवशी दोरा सैल होता, आता ओढतात तेव्हा काचतो.

चौथ्या बैठकीला मी भावाबरोबर गेले. माप झाल्यावर, दोरा डोळ्यांना लावू द्या म्हणून हात पुढे केला. गर्दीसमोर बाबांना नाही म्हणता येईना. दोरा बोटांत आला आणि मी ओळखला. बाह्यांना चुण्या पाडायला मी रोज वापरते तो, सुताने गुंडाळलेला इलॅस्टिकचा दोरा.

मंचाशेजारी लोखंडी खांब होता. त्याला दोरा सैल गुंडाळून मी खूण केली. मग ताणला. खुणेपुढे दोन बोटं दोरा जास्त आला.

"खांबाचीही नजर उतरली," मी म्हणाले.

मागे कोणी तरी हसलं. दोरेबाबा मला म्हणाले, तुझी श्रद्धा उणी आहे. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मला खाली बसायला सांगितलं, आणि पुढचं पोर खुर्चीत बसलंसुद्धा. भाऊ बराच वेळ तो दोरा ताणत आणि सोडत उभा राहिला. मग मुलीचा हात धरून बाहेर पडला. आमच्यामागे कोणी आलं नाही.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, सकाळी उपाशीपोटी. डॉक्टरीणबाई भावाला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "चष्मा कायमचा लागला तर आपण घाबरतो का?" काही आठवड्यांत पोर दुपारची जागी राहू लागली. सूज सावकाश उतरते आहे, आणि ती माझ्या टेपवर दिसते. शाळेत बाकावर तिच्या शेजारची जागा मात्र अजून रिकामीच आहे. दोऱ्याची लबाडी पाच मिनिटांत उघडी पडली, त्याने पेरलेली भीती निघत नाही.

म्हणून हे लिहिते आहे. मूल विनाकारण सुस्तावलं, वाढ थांबली, गळा सुजला, तर त्याला कुणा बाबापुढे बसवू नका, रक्त तपासून घ्या. सुरू असलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि तुमच्या मुलांना सांगा, हा आजार शेजारी बसून लागत नाही. खुशाल बसा.