नगराध्यक्ष आंघोळीला गेलेत

त्या बहीणभावांनी मिळून काढलेल्या युद्धपटात एकही गोळी सुटत नव्हती. सगळी लढाई फोनवर होती. बहिणीने संवाद लिहिले, भावाने दिग्दर्शन केलं. स्टुडिओत लाइटवाल्यापासून नटांपर्यंत सगळे तिला ताई म्हणत, आणि भावाच्या डोक्यावरचे केस निम्मे पांढरे झाले तरी तो सगळ्यांचा धाकटाच राहिला.

गोष्ट त्यांच्याच शहराची होती. शत्रूने शहराला वेढा घातला तेव्हा त्यांची आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. नुकतीच लागली होती. शत्रूच्या सेनापतीचा फोन तिने घेतला, नगराध्यक्षांना जोडून दिला आणि कानावरचे हेडफोन काढायचं काही मनावर घेतलं नाही. सेनापती म्हणाला, तुमच्या कापडगिरणीला धक्का लागणार नाही. नगराध्यक्ष म्हणाले, मग वेस उघडायला माणसं पाठवतो. भाजीचा भाव ठरवायलासुद्धा बायका याहून जास्त वेळ घासाघीस करतात. पुढची काही वर्षं शहर शत्रूच्या टाचेखाली होतं. आईच्या थोरल्या भावाला रस्ते खणायला नेलं, तो परतला नाही. गिरणी मात्र एक दिवस बंद पडली नाही.

युद्ध संपल्यावर शाळेच्या पुस्तकात छापून आलं की नगराध्यक्षांनी दूरदृष्टीने रक्तपात टाळला. चौकात त्यांचा पुतळा बसला. आई रोज त्याच चौकातून भाजीला जायची, आणि पुतळ्याजवळून जाताना शेजाऱ्याची चौकशी करावी तशी विचारायची, "काय, गिरणी बरी आहे ना?"

ताई हे बघत लहानाची मोठी झाली. चित्रपट लिहायला घेतला तेव्हा तिने इतिहासाचा नेमका तोच कान पिरगाळला. तिच्या गोष्टीतली टेलिफोनवाली फोन जोडतच नाही. सेनापतीला ती तीन दिवस बोलण्यात गुंतवून ठेवते, तेवढ्यात अख्खं शहर गुपचूप नदीपार होतं. सेनापती शेवटी विजयी मुद्रेने आत शिरतो, तर रस्त्यावर कुत्रं नाही आणि प्रत्येक घरात फोन वाजतोय.

ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायची. आई शेजारी बसून शेंगा सोलायची आणि लिहिलेलं वाचून दाखवायला लावायची.

"सेनापती म्हणतो, मी शहर बेचिराख करीन," ताईने वाचलं. "त्यावर टेलिफोनवाली म्हणते, माझ्या देशाच्या मातीचा कण न् कण..."

"अगं, असं कोण बोलतं फोनवर?" आई म्हणाली. "फोनवरची बाई म्हणते, थांबा. दुसरी म्हणते, साहेब जागेवर नाहीत. मोठमोठ्या माणसांना याच दोन वाक्यांनी घाम फुटलेला मी ऐकलाय."

ताईने कण न् कण खोडला.

चित्रपट पूर्ण झाला आणि परवानगीच्या समितीकडे गेला. समितीच्या अध्यक्षांना चित्रपटवाले पाठीमागे कात्री म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आपण एकही फ्रेम कापत नाही याचा त्यांना अभिमान होता. नगराध्यक्षांच्या नातवाकडे आता मंत्रिपद होतं, समिती त्याच्याच खात्याखाली यायची.

"चित्रपट विनोदी आहे," कात्री म्हणाले. "मी दोनदा हसलो, लपवत नाही. पण फोन जोडला गेला होता. तुम्ही दाखवता, जोडला नाही. हे खोटं आहे."

"खोटंच आहे," ताई म्हणाली. "सुरुवातीच्या पाटीवर लिहिलंय, असं घडलं नाही."

"मग दाखवता कशाला?"

"घडलं नाही म्हणूनच. जे घडलं त्याचा पुतळा आहेच की चौकात."

धाकट्याने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. तिने पाय काढून घेतला.

कात्रींनी चष्मा पुसला. "बाई, मी तुमच्या चित्रपटाला हात लावत नाही. दृश्य राहू द्या. फक्त टेलिफोनवालीचा आणि सेनापतीचा मोठा प्रसंग आहे ना, त्यातलं बोलणं काढा. नुसतं चित्र दिसू दे. लोक समजून घेतील."

"बोलण्याचा चित्रपट आहे, साहेब," धाकटा म्हणाला. "बोलणं काढलं तर दोन माणसं कानाला फोन लावून बसलेली दिसतील. बस."

"तेवढंच इतिहासात आहे," कात्री म्हणाले.

बाहेर आल्यावर धाकटा जिन्यात थांबला. त्याचा चेहरा उतरला होता. "काढू या आवाज," तो म्हणाला. "निदान बाकीचा चित्रपट तरी लोकांपुढे जाईल."

"काढ," ताई म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. "पूर्ण काढ. श्वाससुद्धा ठेवू नकोस. त्यांनी सांगितलंय तस्सं कर."

पहिला खेळ रविवारी दुपारी होता. पहिल्या रांगेत समितीची माणसं, मध्ये कात्री. मागे एक्स्चेंजमध्ये काम केलेल्या म्हाताऱ्या बायका, आईने गोळा करून आणलेल्या. सेनापतीचं काम केलेला नट, ज्याला सगळे जाड्या म्हणत, तो बाल्कनीत बसला होता, कारण खालच्या खुर्चीत तो मावत नसे. टेलिफोनवाली झालेली नटी दुसऱ्या चित्रपटासाठी परगावी गेली होती.

सुरुवातीला लोक मनापासून हसले. मग तो प्रसंग आला. पडद्यावर टेलिफोनवालीने फोन जोडायची खुंटी उचलली, ओठ हलवले, आणि थिएटरात काहीच ऐकू आलं नाही. लोकांना वाटलं मशीन बिघडलं. कुणी शिट्टी मारली. कुणी ओरडलं, आवाज वाढवा. सेनापतीचे गाल थरथरत होते, तोंड उघडमीट होत होतं, एखाद्या माशासारखं. हळूहळू लोकांच्या लक्षात यायला लागलं की हे बिघडलेलं नाही. पहिल्या रांगेकडे माना वळल्या. हसणं थांबलं होतं.

ताईने ठरवलं होतं की आपण उठायचं. वाक्यन् वाक्य पाठ होतं, तिचंच होतं. पण पाय उचलेनात. आयुष्यभर ती दुसऱ्यांच्या तोंडी शब्द देत आली होती, स्वतः कधी चार माणसांसमोर बोलली नव्हती. पडद्यावर टेलिफोनवालीचे ओठ हलतच होते, प्रसंग पुढे सरकत होता.

तेव्हा शेजारून आईचा आवाज आला. जुन्या नोकरीतला, सपाट, जरा कंटाळलेला.

"एक्स्चेंज. बोला."

पडद्यावर सेनापतीने मिशीवरून हात फिरवला. आणि बाल्कनीतून जाड्याचा आवाज गडगडला, "नगराध्यक्षांना द्या."

"नगराध्यक्ष आंघोळीला गेलेत."

"मी शहराला वेढा घातलाय."

"कोण बोलतंय?"

"शत्रूचा सेनापती."

"कुठल्या शत्रूचा? सकाळपासून तिघांचे फोन येऊन गेले."

लोक हसले, मग पुढचं ऐकू यावं म्हणून एकमेकांना गप्प करायला लागले. आई बसूनच बोलत होती, हात मांडीवर, नजर पडद्यावर. एके ठिकाणी तिला वाक्य आठवेना. ताईने वाकून कानात सांगितलं. दुसऱ्यांदा अडली तेव्हा ताई स्वतःच मोठ्याने बोलली, आणि बोलल्यावर तिला कळलं की आपण उभे आहोत.

"माझ्या तोफा तुमच्यावर रोखलेल्या आहेत," जाड्या म्हणाला.

"इतका वेळ रोखून माणसं दमली असतील. टेकवा म्हणावं जरा."

"मला शरणागती हवी आहे."

"ते खातं आमच्याकडे नाही. तुम्ही घरी कधी फोन केला होता शेवटचा? बायकोला?"

इथे जाड्या थांबला. चित्रपटातही तो इथेच थांबतो, पण आज त्याला खरोखर हुंदका आला असावा. "ती माझ्याशी बोलत नाही," तो म्हणाला, आणि मागच्या म्हाताऱ्या बायका एकदम म्हणाल्या, "बरोबरच आहे तिचं." हे कुणीच लिहिलेलं नव्हतं.

कात्री उठून उभे राहिले. "हे बंद करा."

धाकटा दाराशी होता. तो पुढे आला. "काय बंद करू, साहेब? चित्रपटात अक्षर नाही. तुम्ही सांगितलं तसं सगळं काढलंय."

"हे लोक बोलतायत."

"लोकांचा आवाज कमी करायचं बटण माझ्याकडे नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, साहेब, खाली बसा, पडदा दिसत नाही. ते बसले.

समितीने दुसऱ्याच दिवशी तो प्रसंग मुळापासून कापायला सांगितला. कात्रींनी आयुष्यात पहिल्यांदा कापलं. धाकट्याने निमूटपणे तुकडा काढून दिला. पण एका थिएटरवाल्याने नेमकं त्या जागी मध्यंतर ठेवलं, आणि त्या मध्यंतरात लोक चहाला उठेनात. पहिल्या खेळाची बातमी पसरली होतीच; कुणीतरी एक बाई उभी राहायची, कुणीतरी एक पुरुष, आणि कापलेला प्रसंग दोघं बोलून दाखवायचे. त्याचं बघून दुसऱ्या थिएटरवाल्यांनी तसंच केलं. मध्यंतर कुठे घ्यायचं याचा कायदा नव्हता.

ताईला मात्र समितीपुढे बोलावलं गेलं. या वेळी धाकट्याला बाहेर बसवलं.

"थिएटरांतून जे बोललं जातंय ते तुम्ही लिहून देता का?" कात्रींनी विचारलं.

"नाही. काही वाक्यं माझ्यापेक्षा बरी आहेत. मला सुचली असती तर आनंद झाला असता."

"तुम्ही जाहीरपणे सांगा की त्या प्रसंगाचा नगराध्यक्षांशी संबंध नाही. मी वर बोलतो, प्रकरण मिटेल." मग जरा खालच्या आवाजात ते म्हणाले, "मला तुमचं वाईट व्हायला नकोय. खरंच सांगतो."

त्यांना ते खरंच नको होतं, हे ताईला दिसत होतं. त्यामुळे नाही म्हणणं जड गेलं. चिडलेल्या माणसाला नाही म्हणणं सोपं असतं.

"संबंध आहे," ती म्हणाली. "माझ्या आईने तो फोन जोडला होता. तिने तेव्हा जोडला नसता तर दुसरीने जोडला असता, त्यांना तेवढंच काम होतं. पण ऐकलं तिने आहे. मी कुठेही उभी राहून तिला खोटं पाडणार नाही."

तिला स्टुडिओत काम द्यायचं नाही असं ठरलं. चित्रपटाच्या पाटीवरून तिचं नावही गेलं. धाकट्याने आपलंही काढा म्हणून भांडण केलं, पण तिने त्याला झापलं. घरातल्या एकाचं तरी नाव लोकांना वाचता येऊ दे, म्हणाली.

त्या हिवाळ्यात ती बसने गावोगाव हिंडली. कुठे ओळख द्यायची नाही, तिकीट काढून मागे बसायचं. एका ठिकाणी खाणीत काम करणाऱ्यांची वस्ती होती. मध्यंतर झालं, दिवे लागले, आणि पुढच्या रांगेतली एक जाडजूड बाई कडेवर पोर घेऊन उठली. सेनापती झालेला तिचा नवराच असावा, तो खाली मान घालून बोलत होता. नेहमीसारखं सगळं झालं. वेढा, तोफा, बायको. मग त्या बाईने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "हे बघा, सेनापती. आता तुम्ही फोन करू नका. आम्ही करू. आणि तुम्ही उचलायचा."

नवऱ्याने मान वर केली. "किती वाजता?" त्याने विचारलं.

"आम्हाला वेळ झाला की," ती म्हणाली आणि खाली बसली.

टाळ्या झाल्या नाहीत. लोक खुर्च्यांत ताठ बसले होते. ताईला जरा मत्सरच वाटला.

घरी येऊन तिने आईला हे सांगितलं. आईने दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "त्या बाईला नोकरीवर घेतली असती मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा आला, जिन्यातूनच बोलत. पुढचा चित्रपट करायचा, कॅमेरा उसना मिळतोय, जाड्या फुकट यायला तयार आहे, फक्त लिहिणारं कुणी नाही. ताईने टेबलावरची भांडी बाजूला सारली.

"नाव कुणाचं लावशील?" तिने विचारलं.

"तुझं," धाकटा म्हणाला. "मोठ्या अक्षरात. काढायला आले तर काढू देत. लोक पुन्हा लावतील."

"बस," ती म्हणाली, "आणि सुरुवात कुठून करायची ते सांग."