तीन रोपं, दोन उंदीर

आमच्या संवर्धन केंद्रात हीटर असलेली खोली एकच. यंदा ती माझ्या फुलझाडाला मिळणार होती किंवा माझ्या नवऱ्याच्या उंदराला. दुसऱ्याने हिवाळा जिन्यात काढायचा, म्हणजे मरायचंच. नियम सरळ होता: नामशेष व्हायला जो जास्त जवळ, त्याची खोली. दोघंही अतिसंकटग्रस्त. पण जगात माझी रोपं उरली होती तीन आणि त्याचे उंदीर दोन. मी एकाने हरत होते.

त्यात मादी गाभण. मी रोज तिला सफरचंद भरवायचे आणि म्हणायचे, "मोकळी हो गं बाई एकदाची." नवरा मागून तिला विनवायचा, "मंगळवारची तपासणी होऊ दे, मग काय ते कर." घरी आमचं बोलणं बंद होतं.

मंगळवारी सकाळी तिला पाच पिलं झाली. दारात तपासनीस साहेबांची गाडी थांबली आणि नवऱ्याने माझ्या डोळ्यांदेखत पाचही पिलं शर्टात कोंबली. मी मनातल्या मनात उड्या मारत होते.

साहेबांकडे दोघांसाठी फॉर्म एकच होता.

"सृष्टी?"

"वनस्पती," मी म्हणाले.

"वर्ग?"

"द्विदल."

"पिलांना दूध पाजते?"

"नाही."

"कधीच नाही?"

"अजून तरी नाही."

साहेबांनी नाराजीने फुली मारली. "अंगावर केस?"

"पानांवर बारीक लव आहे."

"मग अर्धा गुण." ते नवऱ्याकडे वळले. "वर्ग सस्तन, गण कृंतक. ठीक. परागीभवन कोण करतं?"

"त्याचं तो बघतो, साहेब."

"स्वावलंबी," साहेबांनी लिहून घेतलं. "एकूण संख्या?"

"दोन," नवरा म्हणाला, आणि त्याच्या पोटातून चीं चीं ऐकू आलं.

साहेबांचं पेन थांबलं. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. पिंजऱ्यात मादी सैरावैरा धावत होती. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोलले असते तर खोली माझी होती.

"सकाळपासून उपाशी आहेत ते," मी म्हणाले. "पोट ओरडतंय."

साहेबांनी उंदरापुढे शिक्का मारला आणि ते गेले.

नवऱ्याने आधी पिलं आईजवळ ठेवली. "सांगितलं का नाहीस?" त्याने विचारलं.

"पिलं ओरडली ना," मी कुंडी उचलत म्हणाले. "माझ्या रोपांना ते कुठे येतं?"