भिंतीवरचे पाच लाख

मित्रांनो, मी एक जुना चेक आहे. हसू नका. खिशात मावणारा आणि बँकेत जाणारा चेक वेगळा. मी मुळात सहा फूट लांब, तीन फूट रुंद, अस्सल प्लायवुडचा. बँकेच्या दारातून मला आडवे नेता येणार नाही, आणि उभे नेले तर मला बघून कॅशियर आपला चष्मा पुसत बसेल. माझ्या तोंडावर पाचाचा आकडा आणि त्यापुढे पाच शून्ये होती. आता तीनच उरली आहेत. बाकीची दोन कशी गेली, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म बेघर कुटुंबांच्या एका केंद्राच्या अंगणात झाला. केंद्र म्हणजे एक लांबलचक हॉल. अकरा आया आणि त्यांची मुले तिथे राहत. खाटांच्या मधे दोऱ्या बांधून त्यांवर चादरी टाकलेल्या असत. ज्याची चादर, त्याचे घर! वडील मंडळींना मात्र तिथे राहता येत नव्हते. एकच हॉल, एकच न्हाणीघर, मग दुसरे करणार काय? ते पुलापलीकडे पुरुषांच्या निवाऱ्यात राहत, आणि तिथे बायकांना मनाई होती. दोन्ही नियम चांगल्या माणसांनी चांगल्या हेतूने केले होते. त्या दोन नियमांच्या मधे अकरा संसार अडकले होते.

केंद्र चालवणाऱ्या मोठ्या ताईंनी मनावर घेतले की, मागच्या मोकळ्या जागेत कुटुंबांसाठी खोल्या बांधायच्या. वर्गणी सुरू झाली. जवळच राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका दर महिन्याला एक पाकीट आणून देत. कोपऱ्यावरचा सलूनवाला रविवारची निम्मी कमाई देई. हॉलमधल्या बायका पिशव्या शिवून विकत. थेंबे थेंबे तळे साचत होते.

तेवढ्यात फरशीवाले शेठ पुढे आले. "पाच लाख माझे!" त्यांनी जाहीर केले. समारंभ ठरला. फोटोत दिसायला मोठा चेक हवा, म्हणून मला बनवायचे काम निघाले आणि ते मिळाले एका पेंटरला. त्याची बायको आणि मुलगी याच हॉलमध्ये राहत. बायको इस्त्रीची कामे करी. तो स्वतः अर्थातच पुलापलीकडे.

त्याने मला दोन विटांवर आडवे ठेवले, पांढरा रंग दिला, निळी किनार काढली. आकड्यापाशी आला तेव्हा त्याने श्वास रोखून धरला होता. मुलगी शेजारी उकिडवी बसली होती.

"बाबा, हे आपल्या खोलीचे पैसे?"

"आपल्याच की. बघ, शून्य कसं गोल गरगरीत आलंय!"

खरे सांगतो, त्या दिवशी माझ्याइतका श्रीमंत या जगात कोणी नव्हता.

समारंभात माझी फारच मिजास होती. दोघांनी मला दोन टोकांना धरले. शेठनी जाड पेनाने माझ्यावर सही ठोकली. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्रात झळकलो. जाताना शेठ ताईंना म्हणाले, "खरा चेक चार दिवसांत पाठवतो. तोवर हा दारासमोरच्या भिंतीवर लावा. माझा शब्द आहे तो. लोकांना दिसू दे." म्हणून मला सहा स्क्रूंनी भिंतीत घट्ट आवळले.

चार दिवस गेले. चार महिने गेले. शेठ अधूनमधून पाहुण्यांना घेऊन येत, माझ्यासमोर उभे राहत आणि ताईंना म्हणत, "जरा तंगी आहे हो. पुढच्या महिन्यात नक्की." ताई बिचाऱ्या मान हलवत. मला उतरवावे तर शेठ रागावणार आणि येणारे पैसे बुडणार. त्यामुळे मी भिंतीवरच राहिलो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

पण मित्रांनो, खरे दुःख पुढेच आहे. मी दारासमोर होतो, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्यांचे बोलणे माझ्या कानी पडे. सलूनवाला आला. खिशात हात घातला. माझ्याकडे पाहिले आणि हात तसाच रिकामा बाहेर काढला. "यांना आता काय कमी! समुद्रात आपला लोटा कशाला ओता?" असे पुटपुटत तो परत गेला. शिक्षिका बाई आल्या, चष्मा वर करून माझी शून्ये मोजली आणि पाकीट पर्समध्ये ठेवून दिले. असे किती आले नि किती गेले! पिशव्यासुद्धा कोणी घेईना.

आत ताई डोक्याला हात लावून बसत. "लोकांची मनं एकाएकी आटली कशी?" असे पेंटरच्या बायकोला, त्या इस्त्रीवालीला, विचारत. कारण मी होतो! मला ओरडून सांगायचे होते, 'अहो, मी खोटा आहे, माझ्याकडे बघू नका!' पण फळीला तोंड नसते. सहा स्क्रूंनी जखडलेला मी, तोंडावर पाच लाख मिरवत, येणारी प्रत्येक मदत दारातूनच परत पाठवत होतो. फळीला रडता येत असते, तर माझा रंग केव्हाच ओघळला असता.

त्यातच पेंटर शिडीवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर चढले. निवाऱ्यात त्याला पाणी द्यायला कोणी नाही, कारण बायकोला तिथे प्रवेश नाही. हॉलमध्ये तो येऊ शकत नाही. मग रोज सकाळी तो कुबड्या घेऊन पूल ओलांडायचा आणि केंद्राच्या दाराबाहेरच्या पायरीवर येऊन बसायचा. बायको तिथेच त्याला ताट आणून देई, त्याचा सदरा धुऊन आणून देई. मुलगी तिथेच अभ्यासाला बसे. नवरा उन्हात, घर उंबऱ्याच्या आत. संध्याकाळी तो सदरा पिशवीत भरून परत जाई. त्या अवघडलेल्या पायाने पूल चढताना त्याचे किती हाल होत असतील, कोण जाणे.

दिवसभर तो माझ्याकडे बघत असे. त्यानेच काढलेली ती गोल गरगरीत शून्ये! त्या नजरेपुढे मला कुठे तोंड लपवू असे होई. लपवणार कुठे, तोंडच तर भिंतीवर होते.

एके दिवशी शिक्षिका बाई त्या रस्त्याने चालल्या होत्या. पायरीवर प्लॅस्टर बघून थांबल्या.

"अरे, तू इथे बाहेर का बसलायस?"

"आत पुरुषांना चालत नाही, बाई. मागं खोल्या झाल्या की चालेल."

"मग होतील की आता लवकर. एवढा मोठा चेक आलाय. मी तर माझं पाकीट बंदच केलं. म्हटलं, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल."

पेंटर हळूच म्हणाला, "बाई, तो चेक मी रंगवलाय. जे काही आलंय ना, ते माझ्या रंगाच्या डब्यातून आलंय. त्यापलीकडे एक छदाम नाही."

बाई पायरीवरच बसल्या. "अगं बाई! म्हणजे आम्ही सगळेच..."

आवाज ऐकून ताई बाहेर आल्या. सगळे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले.

"शेठ चिडतील," त्या म्हणाल्या.

"चिडू देत," इस्त्रीवाली पदर खोचत म्हणाली. एरवी ती ताईंपुढे कधी अवाक्षर काढत नसे. "ताई, माझा माणूस रोज पूल चढतोय. त्यांचा राग पुलापेक्षा मोठा आहे का?"

ताईंनी स्क्रू-ड्रायव्हर मागवला आणि स्वतःच्या हाताने माझा पहिला स्क्रू सैल केला. मित्रांनो, ती करकर मला कोणत्याही टाळ्यांपेक्षा गोड वाटली.

पेंटरने पायरीवर बसूनच मला पालथे घातले आणि माझ्या कोऱ्या पाठीवर लिहिले: 'या फळीच्या पुढच्या बाजूचे पैसे आलेले नाहीत. खोल्या बांधायच्या आहेत. तुमचे थोडेसेही आम्हाला पुष्कळ आहे.' मग मला फाटकाबाहेर, पाठ रस्त्याकडे करून उभे केले. सलूनवाल्याने ते दोनदा वाचले, स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि मागच्या सगळ्या रविवारांचे आणून दिले.

शेठही आले. वाचून लालबुंद झाले. "ही माझी किंमत केलीत?" एवढेच बोलून निघून गेले. पुन्हा कधी आले नाहीत. पण पाया भरला त्या आठवड्यात एक टेम्पो येऊन फरशा उतरवून गेला. कोपरे उडालेल्या, दोन रंगांच्या. पाच लाखांच्या मानाने ते काहीच नव्हते. तरी त्या फरशा खऱ्या होत्या, त्यांवर पाय ठेवता येत होता.

अकरा नाही, पैशांत चारच खोल्या बसल्या. एका मोठ्या खोलीत दोन कुटुंबे ठेवायची ठरली, तर मधल्या आडोशाला फळी हवी होती. ताईंनी माझ्याकडे बोट दाखवले. मी जागेपेक्षा लांब भरलो, म्हणून सुताराने करवत चालवली. माझी दोन शून्ये खाली पडली. मला जराही दुखले नाही. त्यांत होते काय!

आता मी म्हातारा झालो आहे. माझ्या कडा फुगल्या आहेत, रंगाचे पोपडे उडतात. इथेही मी स्क्रूंनी आवळलेलाच आहे, पण आता कोणाला परत पाठवत नाही. मित्रांनो, कुणाला काही देणार असाल तर पिटुकले का होईना, हातात द्या. नुसता शब्द भिंतीवर टांगू नका. त्याच्याकडे बघत कोणीतरी पायरीवर बसलेले असते.

आणि हो, एक राहिलेच. खोलीत आल्या दिवशी पेंटरने, अजून जरासा लंगडतच, माझ्या उरलेल्या तीन शून्यांतल्या मधल्या शून्यात एक खिळा ठोकला. पिशवीतून सदरा काढून त्यावर अडकवला. मुलीने विचारले, "बाबा, संध्याकाळी परत घेऊन जाणार?"

"नाही गं," तो म्हणाला, "आता तो इथंच राहणार."