डिकीवरचे जुने नाव

मित्रांनो, लाल रंग उन्हात फार लवकर विटतो. माझ्याकडे पाहिले की तुम्हाला ते पटेल. मी एक जुनी, लहानशी मोटारगाडी आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल होते.

माझी पहिली वर्षे मोर्शीच्या महादेवराव पाटलांकडे गेली. ते संत्र्यांचे बागायतदार होते. त्यांनी माझ्या डिकीवर हौसेने मोठी पांढरी अक्षरे चिकटवून घेतली : ‘पाटील’. त्या डिकीतून संत्री गेली, पाहुण्यांच्या पिशव्या गेल्या. मग त्यांच्याकडे मोठी गाडी आली आणि मी गोठ्यामागे उघड्यावर उभी राहिले. वऱ्हाडातले उन्हाळे तुम्हाला ठाऊकच आहेत. माझा रंग विटेसारखा निस्तेज झाला.

तिथून मला बडनेऱ्याच्या धर्मेंद्रने विकत घेतले. तो रेल्वेत नोकरीला आहे. त्याच्या घराण्यातली मी पहिलीच गाडी. त्याची आई जाईबाई जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात निंदण आणि कापूसवेचणी करत आली होती. मला दारात पाहून तिने आधी पदराला हात पुसले आणि मगच माझ्या दाराला हात लावला. तो स्पर्श मी विसरलेले नाही.

धर्मेंद्रने गरम पाण्याची फडकी ठेवून डिकीवरची अक्षरे सोडवली आणि उरलेला गोंद रॉकेलने काढला. पण अक्षरांखालच्या रंगाला कधी ऊन लागलेच नव्हते. तेवढाच भाग गडद लाल राहिला होता. चिकटवलेली अक्षरे निघाली आणि ‘पाटील’ मात्र तसेच दिसत राहिले.

पुढच्याच रविवारी जाईबाई माझ्यात बसून चांदूर रेल्वेजवळच्या आपल्या माहेरी गेली. शेजारच्या तानुबाईने मला मागून न्याहाळले.

“जयभीम वं जाई! कोनाची गाडी आनली मांगून?”

“मांगून कायले? माह्या लेकानं इकत घेतली.”

“मंग ‘पाटील’ काहून लिहून हाय?”

सगळे हसले. तानुबाईच्या मनात काही वाईट नव्हते. त्या वस्तीत लग्नाला, दवाखान्याला गाडी आली, की ती कोणाकडून तरी मागूनच आलेली असे. घरी परतल्यावर उतरताना जाईबाई म्हणाली, “भावाच्या नातीच्या लग्नाले मी एस्टीनं जाईन, बाप्पा.”

धर्मेंद्रचा मित्र अमोल म्हणाला, “त्याच्यावर एक मोठ्ठा स्टिकर मारून टाक ना बे. झंझट खतम!”

“झाकाचं नाही,” जाईबाई आतून म्हणाली. “मिटलं पायजे.”

दुसऱ्या दिवशी धर्मेंद्र कामावर गेला असताना ती राख आणि नारळाची शेंडी घेऊन माझ्यामागे बसली. अक्षरांवर दोनदा जोराने घासले आणि माझ्या अंगावर ओरखडे उठले. सून भावना धावत आली.

“अवं आई, हे कढई नोय!”

जाईबाईच्या हातातली शेंडी गळून पडली. संध्याकाळी धर्मेंद्रने ओरखडे पाहिले. मला वाटले, आता आईला बोलणी बसणार. त्याने माझ्यावरून नुसते बोट फिरवले आणि म्हणाला, “माय, हिले जोर चालत नाही. सुट्टीच्या दिवशी मी दाखोतो.”

सुट्टीच्या दिवशी मला कडुलिंबाच्या सावलीत उभे केले. आधी भरपूर पाणी ओतून काळ्या मातीची धूळ काढली, कारण धुळीसकट पुसले तर तीच धूळ रंगाला कापते. साबणाची बादली वेगळी, फडके पिळायची वेगळी. भावनाने पायपुसणी झटकली, आसनांच्या फटींतून संत्र्यांच्या वाळक्या बिया काढल्या, पुढचा डॅशबोर्ड ओल्या फडक्याने टिपून घेतला. मग धर्मेंद्रने मऊ सुती कापडावर रंग उजळायचा लेप घेतला आणि आईचा हात हातात धरून लहान लहान गोल फिरवले. विटलेला थर निघू लागला. कापड लाल झाले.

“हिचं रगत निघून राहिलं का रे?” जाईबाई घाबरली.

“रंग हाय तो, माय. मेलेला. खालचा जिता हाय.”

नंतर ती एकटीच करू लागली. जरा फिरवायचे, थांबायचे, फुंकर मारायची. भावना म्हणे, “आई, दुखत नाही काय हात?” ती म्हणे, “लोकाईचं काम करू करू दुखला, तवा कोनी इचारलं नाही. आता आपलं काम करू करू दुखला तं दुखू दे.” हळूहळू अक्षरांभोवतीचा रंग अक्षरांइतका गडद झाला आणि नाव त्यात विरून गेले. शेवटी मेण लावून मला पुसले. ओरखडे मात्र राहिले. अजून घासले असते, तर पत्रा उघडा पडला असता.

लग्नाच्या दिवशी जाईबाई एस्टीने गेली नाही. पुढच्या आसनावर ताठ बसली. मांडवाजवळ उतरल्यावर ती बराच वेळ माझ्याजवळच उभी राहिली. उत्तर ओठांवर तयार होते. तानुबाई आली, म्हणाली, “जेवली काय वं?” आणि मांडवात गेली. कोणी माझ्या डिकीत अहेराची भांडी ठेवली, कोणी लेकरू निजवायला आसन मागितले. गाडी कोणाची, हे दिवसभरात कोणीही विचारले नाही.

परतीच्या वाटेवर ती कुरकुरली, “कोनी इचारलंच नाही रे!”

धर्मेंद्र हसला. “नाही इचारलं, हेच तं पायजे होतं ना, माय?”

ती काच खाली करून, रेल्वेच्या बंद फाटकापाशी शेजारी थांबलेल्या एका अनोळखी सायकलवाल्याला म्हणाली, “आमची हाय हे गाडी.” तो बिचारा गोंधळून म्हणाला, “बरं बा.” भावनाला हसू आवरेना, आणि जाईबाईलाही.

मित्रांनो, तुमच्या गल्लीत एखादी गाडी धुळीने माखून उभी असते. तिच्यावर बोटाने आपले नाव लिहायचा मोह तुम्हाला होतो, हे मला माहीत आहे. तेवढे करू नका. धुळीचे कण खाली रुततात आणि नाव नंतर सहज जात नाही. लिहायच्या ऐवजी तिच्यावर तांब्याभर पाणी ओता. ती कोणाची आहे, हे नाही विचारलेत तरी चालेल.