बाळ सर आत का येत नव्हते

सातवीची सहल वस्तुसंग्रहालयात न्यायची, हे दिवाळीच्या सुट्टीआधीच ठरलं होतं. शनिवार पेठेतल्या त्या शाळेत ही सहल कायम बाळ सरांची. ते इतिहासाचे शिक्षक. बोलायला लागले की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा खोड्या विसरायची. या वर्षी मुख्याध्यापिका मंदाकिनीबाईंनी त्यांच्या जोडीला उल्का या शिक्षिकेला दिलं, आणि तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. कारण बाळ सर संग्रहालय टाळायला बघत होते.

"मांजरी गावाला जाऊ," ते म्हणाले. "ऊस संशोधन केंद्र आहे. मुलांना मोकळी हवा मिळेल."

"सर, इतिहासाची सहल आहे. ऊस बघून कुठली राजवट शिकणार मुलं?"

"साखरसम्राटांची," असं म्हणत सरांनी चहाच्या कपाकडे हात नेला. हात कपाला धडकला आणि चहा टेबलभर झाला.

त्या दिवसापासून उल्का त्यांच्यावर नजर ठेवू लागली. संध्याकाळी जिना उतरताना सर कठड्याला चिकटून, पायानं पायरी चाचपत उतरायचे. समोरून आलेल्या माणसाला खांदा लागायचा. तोंडात सदैव बडीशेप. तिचा एक काका असाच चालायचा, आणि तो कशामुळे तसा चालतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी तिनं मंदाकिनीबाईंच्या कानावर घातलं, "बाई, सर पितात बहुतेक. मुलं त्यांच्या हाती द्यायची म्हणजे..."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "आधी तुम्ही दोघं जागा बघून या," एवढंच म्हणाल्या.

संग्रहालय कसबा पेठेत, एका बोळाच्या टोकाला होतं. कुणा हौशी गृहस्थानं जमवलेल्या जुन्या वस्तूंचं. दारावरच्या पहारेकऱ्यानं सरांना ओळखलं, पण तो हसला नाही.

"सर, ह्या खेपेला पोरं नीट सांभाळा बरं का."

"का? काय झालं होतं?" उल्कानं लगेच विचारलं.

"गेल्या वर्षी एक मुलगी आतच राहिली की! रडत होती बिचारी. सर बाहेर अंगणात हाका मारत उभे. मीच आणली तिला."

उल्काच्या मनात उरलीसुरली शंकाही राहिली नाही. ती तरातरा आत गेली. पहिलं दालन दिव्यांचं होतं. समया, लामणदिवे, दीपलक्ष्म्या, आणि त्या उठून दिसाव्यात म्हणून बाकी खोलीत अंधार. सर उंबऱ्यावरच थांबले.

"या ना, सर." तिचा आवाज तिलाच कडवट वाटला.

ते आले. सरळ चालत आले आणि मधल्या लाकडी बाकाला अडखळून गुडघ्यांवर कोसळले. उल्का धावली. अगदी जवळ वाकली, हुंगलंसुद्धा. फक्त बडीशेप.

"हात द्या, उल्काबाई," सर हळूच म्हणाले. "मला इथं काहीच दिसत नाहीये."

तिनं त्यांना अंगणात, उन्हात आणून बसवलं. डोळ्यांचा पडदा निकामी होत चाललाय, त्यांनी सांगितलं. उजेडात समोरचं दिसतं. बाजूचं नाही, अंधारातलं तर मुळीच नाही. औषध नाही.

"मग सांगितलं का नाही कुणाला?"

"तुम्ही बाईंना जे सांगितलंत ते कळलं मला. म्हटलं, बरंच झालं. पिणारा मास्तर सुधारेल अशी लोकांना आशा असते. आंधळ्या मास्तराला एकदम निरोप समारंभच."

उल्काची मान खाली गेली. पण क्षणभरच. "आणि ती मुलगी, सर? तिला अंधारात सोडून आलात, तरी वर्षभर गप्प?"

सरांनी आपले मळलेले गुडघे झटकले. "म्हणून तर मांजरी म्हणत होतो," ते पुटपुटले.

"तेवढ्यानं भागत नाही. उद्या बाईंना सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन."

"सांगतो. पण आधी तुम्ही तुमचं दुरुस्त करा."

दुसऱ्या दिवशी दोघं मिळूनच केबिनमध्ये गेले. मंदाकिनीबाई आधी उल्काला बोलल्या, चांगल्या बोलल्या, मग सरांना त्याहून जास्त. निरोप समारंभाचं मात्र नाव निघालं नाही. इतिहासाचे तास दुपारी, खिडकीच्या वर्गात. मुलांची जबाबदारी एकट्या सरांवर यापुढे नाही, एवढं ठरलं.

सहल झाली. सर अंगणात उन्हात बसून एकेका वस्तूची गोष्ट सांगायचे, आणि उल्का मुलांच्या तुकड्या आत नेऊन त्या वस्तू शोधायला लावायची. तनया नावाची एक मुलगी धावत बाहेर आली.

"सर, लामणदिव्यावरच्या मोराची चोच तुटलीये! तुम्ही सांगितलंच नाही."

"तुटली?" सर पुढे झुकले. "कुठून? नीट सांग."

ती सांगत राहिली, बोटांनी हवेत चोच काढून दाखवत. सर तिच्या बोटांवर नजर रोखून, ती सरकली की मान वळवत ऐकत होते.

परतताना बसच्या पायरीशी उल्का त्यांच्या मागे उभी राहिली, हात किंचित पुढे करून.

"बघू नका असं," सर मागे न वळता म्हणाले. "तुम्हाला शंका आली की तुमचा श्वाससुद्धा ऐकू येतो."