दुसऱ्यांदा लावलेला सिनेमा

"पाह्यलेलाच सिनेमा परत कायले पाह्याचा, आई? मागच्या रविवारीच तर पाह्यला," भज्यांसाठी कांदा चिरता चिरता तृप्ती पुटपुटली. सासू अगदी खांद्याशी उभी होती, त्यामुळे पुटपुटणं तिलाच ऐकवण्यासाठी होतं हे उघड होतं.

वच्छला बेसन कालवत राहिली. सुनेला कारण ठाऊक नव्हतं असं नाही. ते ठाऊक नसल्यासारखं वागायचं, असं घरातल्या सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं, आणि तृप्तीची कुरकुर त्यातलीच होती.

सासरे आनंदराव बाहेरच्या खोलीत खुर्ची टीव्हीपुढे सरकवत होते. या घरात सिनेमा आपापला बघायची पद्धत नव्हती. अर्धा झाला की थांबवायचा, चहा-भजी व्हायची आणि मग आनंदराव निकाल द्यायचे, पुढचा बघायचा की बंद करायचा. ही खोड मंडईची. दिवाळीनंतर आंधळगावची मंडई, म्हणजे नाटकांची जत्रा, भरायची, तेव्हा नाटक ठरवण्याआधी गावचं मंडळ त्यांनाच दुसऱ्या गावी प्रयोग बघायला पाठवायचं. अर्ध्या नाटकावर ते उठून यायचे आणि आणायचं की नाही ते सांगायचे. त्यांचा निकाल कधी चुकला नाही, असं ते स्वतः सांगत. तहसीलमधली नोकरी संपली, पण निकाल देणं काही संपलं नाही.

मागच्या रविवारचा निकाल तर वच्छलाला पाठ होता. सिनेमा हसण्याचा होता. नवरदेवाचं प्रेम भलतीवरच असतं, म्हणून तो स्वतःच्याच वरातीतून निसटतो आणि बँडवाल्यांचा लाल कोट चढवून तोंडाला बिगुल लावतो. आनंदरावांनी भजं खाली ठेवून सांगितलं होतं, "काही कामाचा नाही. पयाचंच होतं तर मागच्या दारानं जावं. बिगुल वाजवत कोन पयते? करा बंद."

तेव्हा सगळे हसले होते. त्यानंतर चार-दोन दिवसांत आनंदरावांनी चहा पिता पिता विचारलं, भैय्याजी बऱ्याच दिवसांत आला नाही, कुठं गेला? या जुन्या दोस्ताला जाऊन दोन पावसाळे झाले होते. त्याच्या मातीला आनंदरावच पुढे होते. मुलगा अंकुश म्हणाला, बाबा झोपेत हायेत. तृप्ती म्हणाली, उन्हामुळं होते असं. आणि वच्छला म्हणाली, चहा थंडा होऊन राहिला. तिघांनी मिळून ती गोष्ट अशी झाकली, जशी पाहुणे आले की फाटकी चादर झाकतात.

पण रात्री वच्छलाच्या डोळ्याला डोळा लागेना. म्हणून तिने मनाशी योजलं की तोच सिनेमा पुन्हा लावून बघायचा. आठवत असेल तर ते चिडतील. म्हणतील, अवो, डोकं ठिकाणावर हाये का तुयं, हा तं पाह्यला. नवऱ्याने आपल्याला मूर्ख म्हणावं असं तिला उभ्या संसारात पहिल्यांदाच वाटत होतं.

तिने रिमोटचं बटण दाबलं. नावं सुरू झाली. आनंदराव काहीच बोलले नाहीत. नावांत काय कळतं, तिने स्वतःला समजावलं. मग नवरदेवाचं घर आलं, त्याची जाडी मावशी आली. मावशी बसताच पाट मोडतो, तिथे मागच्या वेळी आनंदराव खो खो हसले होते. तिने टीव्ही सोडून त्यांच्याकडे पाहिलं.

ते आताही खो खो हसले. अगदी तसेच, मांडीवर हात मारून.

 वच्छलाने अंकुशकडे पाहिलं. अंकुश मोबाईलमध्ये तोंड घालून बसला होता, पण मोबाईलचा उजेड बंद होता. तृप्ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली घड्याळ टकटकत होतं. एरवी त्याचा आवाज कधी ऐकू येत नसे.

बँड येऊ दे, वच्छला मनात म्हणत होती. लाल कोट दिसला की आठवेल. ते विसरायसारखं नाहीच.

बँड आला. लाल कोट आला. बिगुल वाजला. आनंदराव पुढे झुकून लहान पोरासारखे बघत होते. "आता पाहा," ते म्हणाले, आणि क्षणभर तिच्या जीवात जीव आला, "आता ह्याले सासरा धरते का नाही पाहा." सासरा धरत नाही. मागच्या रविवारीही धरलं नव्हतं.

मध्यांतराला तिने सिनेमा थांबवला. भजी तळून आणली. ताटली ठेवताना चटणीची वाटी कलंडली.  सगळे निकालाची वाट बघत होते. इतक्या भीतीने तर दहावीच्या निकालाचीही कुणी बघितली नसेल.

आनंदरावांनी भजं तोडलं. "बढिया हाये," ते म्हणाले. "पाह्यासारखा हाये. बिगुलवाली अक्कल पाह्यली का पोट्ट्याची? लावा पुढचा."

 रिमोट वच्छलाच्या मांडीवर तसाच पडून राहिला.

आनंदरावांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. नाटक बघायला जायचे तेव्हाही त्यांचं अर्धं लक्ष लोकांवरच असायचं, कोण हसतंय, कोण जांभई देतंय. हातातलं भजं त्यांनी हळूच ताटलीत ठेवलं.

"तुमच्यातला एकही सिनेमा पाहून नाही राहिला," ते म्हणाले. "सगळे मलेच पाहून राहिले."

अंकुश घाईने म्हणाला की तसं काही नाही, सिनेमा नवाच हाये, आत्ताच आला.  तृप्ती उठून आत जाऊ लागली आणि दारातच थांबली.

"वच्छला," आनंदराव म्हणाले. "तू सांग. हा मी पाह्यला होता का?"

तिला खोटं बोलता आलं असतं. तोंड उघडलंही तिने. पण त्यांचा चेहरा तिने इतकी वर्षं पाहिला होता, आणि त्यावर असं भ्यालेलं काही कधीच पाहिलं नव्हतं. तिने नुसती मान हलवली. हो.

त्यांनी थांबलेल्या पडद्याकडे पाहिलं, लाल कोटातल्या त्या नवरदेवाकडे. मग त्यांनी तिचा पिठाचा हात आपल्या हातात घेतला.

"त्या दिवशी मोहाडीच्या स्टँडवर उभा होतो," ते म्हणाले, "आणि कोनत्या गावची बस धराची, तेच समजेना. मी विसरून राहिलो, वच्छला. लय दिवसांपासून. तुमच्यापासून लपवून राहिलो होतो. मले लय भेव लागते."